तिथले काम का सोडता?

गेल्या दोन महिन्यांत मी दोन कारखान्यांत मुलाखतीस जाऊन आलो. टॅली येते का, जीएसटीचे रिटर्न स्वतः भरले आहे का, बँकेचा हिशेब जुळवता येतो का, असे प्रश्न दोन्हीकडे झाले आणि त्यांना उत्तरे देताना मला घाम फुटला नाही. घाम फुटला तो एकाच प्रश्नाला. "सध्याच्या ठिकाणचे काम का सोडता?" दिसायला हा प्रश्न इतका साधा, की त्याची तयारी करावी असे कुणाला वाटत नाही, आणि जे तयारी करतात ते चुकीची करतात, असे माझे मत झाले आहे. आपल्यापैकी पुष्कळांना येत्या वर्ष-दोन वर्षांत या प्रश्नापुढे बसायचे आहे, म्हणून ते मत येथे मांडतो.

मी दोन वर्षे एका करसल्लागारांकडे काम करीत आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दोनपासून रात्री आठपर्यंत ऑफिस. बेळगावच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे नवे सांगायला नको. आमच्या वर्गातील निदान दहाजण अशाच कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बसतात. आमच्याकडे खडेबाजारातला कापडवाला येतो, शहापूरचा साड्यांचा व्यापारी येतो, उद्यमबागेतले लेथवाले आणि फाउंड्रीवाले येतात. महिन्याच्या 11 तारखेस विक्रीचे रिटर्न, 20 तारखेस कराचे रिटर्न, आणि मधल्या दिवसांत ज्याची नोटीस आली असेल त्याची धावाधाव. एका टेबलावर बसून चाळीस धंदे पाहायला मिळतात. हे शिक्षण लहान नव्हे, आणि पुढे जे काही लिहिणार आहे ते हे मान्य करूनच.

हल्ली ज्याला कन्सल्टिंग म्हणतात ते मोठे जग आम्ही पाहिलेले नाही. तेथे सुटाबुटातले लोक कंपन्यांना धंदा कसा करावा ते सांगतात, असे ऐकून आहोत. आपल्याकडून पुण्याला आणि बेंगळूरला गेलेले काही वरच्या वर्गांतले मित्र तसल्या कंपन्यांत आहेत. दोन वर्षे झाली की त्यांनाही एखाद्या कारखान्यात किंवा कंपनीत जावेसे वाटू लागते आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो. त्यांपैकी एकाने मला आपले उत्तर फोनवर म्हणून दाखविले. अस्खलित इंग्रजी. त्यात 'ओनरशिप' हा शब्द चार वेळा आला. मी म्हटले, हेच मराठीत सांग बघू. तो थांबला. दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर जाणारा मुलगा 'मला मालकी पाहिजे' म्हणू लागला, तर समोर बसलेल्या मालकाने काय समजावे?

मी मात्र त्याला हसण्याच्या लायकीचा नव्हतो. माझी पहिली मुलाखत मच्छ्याला, हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या एका कारखान्यात झाली. तिच्या आधी शहरातल्या एका कार्यशाळेत जाऊन मी सहा ओळींचे उत्तर पाठ करून आलो होतो. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात, त्यामुळे पाठ करणे मला इंग्रजी बोलण्यापेक्षा केव्हाही सोपे! ग्रोथ, एक्स्पोजर, चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंट, सगळे ओळीने म्हटले. अकाउंट्सचे मॅनेजर ऐकत होते. मग त्यांनी शांतपणे विचारले, "चॅलेंज म्हणजे काय? एक सांगा." मला एकही सुचेना. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केले. गाऱ्हाणे सुरू केले. ऑफिसात नुसती बिले भरत बसावे लागते, पगार कमी, सुटी मिळत नाही, तारखा आल्या की रात्री दहा वाजतात. त्यांनी माझा अर्ज फाइलीत ठेवला आणि म्हणाले, "दोन वर्षांनी आमच्याबद्दलही असंच सांगशील की रे बाहेर."

नोकरी गेली याचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते संध्याकाळी. नेहमीप्रमाणे ऑफिसात गेलो, तर सर माझीच वाट पाहत होते. एका व्यापाऱ्याचे इनपुट क्रेडिट परत करावे लागणार होते. ते का आणि कसे, हे त्यांनी मला अर्धा तास कागदावर आकडे मांडून समजावले. मला ते शिकविण्याचे त्यांना काही कारण नव्हते. चहा मागवला, माझ्याही पुढे कप सरकवला. दुपारी मी याच माणसाबद्दल मच्छ्यात काय बोलून आलो होतो ते आठवून तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. मी जे बोललो त्यात खोटे काही नव्हते. पगार कमीच होता, रात्री दहा वाजतच होते. तरीही ते सरांसमोर बोलण्यासारखे नव्हते.

तेव्हापासून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे. जे उत्तर मला सरांच्या समोर उभे राहून देता येणार नाही, ते मुलाखतीतही द्यायचे नाही. ही कसोटी लावली की गाऱ्हाणे गळून पडते, आणि आश्चर्य म्हणजे पाठ केलेले उत्तरही गळून पडते. कारण 'मला चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंट पाहिजे' असे मी सरांना सांगितले, तर ते पहिल्यांदा मोठ्याने हसतील. मग उरते काय, ते शोधावे लागते. या शोधालाच मी तयारी म्हणतो.

येथे दोन जुनी माणसे आठवतात. कॉस्टिंगच्या पुस्तकात आपण अंदाजपत्रकीय नियंत्रणाचे प्रकरण वाचतो. त्या विषयावर 1922 साली पुस्तक लिहिणारा जेम्स मॅकिन्झी हा शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचा प्राध्यापक होता. म्हणजे आपल्याच गोत्राचा! त्याने 1926 मध्ये सल्लागारीची पेढी काढली. आज त्याच नावाची कंपनी जगभर सल्ले देते. पण पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मार्शल फील्ड या शिकागोच्या प्रसिद्ध दुकान-कंपनीला त्याने सल्ला दिला, तो त्या लोकांना इतका पटला की 1935 मध्ये त्यांनी त्यालाच अध्यक्ष होऊन तो अमलात आणायला बोलावले. आणि सल्लागारांचा हा मूळ पुरुष आपली पेढी मागे ठेवून गेला. कागदावर लिहिणे सोपे होते. प्रत्यक्षात घाऊक विभाग बंद करावा लागला, शेकडो माणसे कामावरून गेली, आणि त्या सगळ्यांचा रोष अहवालावर न येता त्याच्यावर आला. 1937 मध्ये न्यूमोनियाने तो वारला, पन्नाशीही गाठली नव्हती. 'सल्लागारी का सोडता?' हा प्रश्न त्याला कुणी विचारला असेल का, कोण जाणे; परंतु त्याच्याजवळ निदान एक नेमके उत्तर होते. अमुक दुकान, अमुक सल्ला, तो खरा ठरतो का ते पाहायचे आहे.

दुसरा माणूस आपल्या जिल्ह्यातला. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म 1869, गुर्लहोसूर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली आणि लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. येथे सायकलींचे दुकान होते, मग कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर. नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून कारखाना येथून हलवावा लागला आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. (बेळगावने काय घालवले याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.) लक्ष्मणरावांना कुणी विचारले असते, तर त्यांच्याजवळ दोन उत्तरे होती. एक अपमानाचे, एक यंत्रांच्या ओढीचे. दोन्ही खरी. मला वाटते, प्रत्येक सोडण्यामागे अशी दोन कारणे असतात. एक मागून ढकलते, एक पुढून ओढते. मागून ढकलणाऱ्या कारणाला चार लोकांत बोलता येत नाही आणि पुढून ओढणारे कारण आपण कधी नीट शोधलेलेच नसते. म्हणून मुलाखतीत आपली बोबडी वळते.

माझे ओढणारे कारण मार्च 2024 मधले निघाले. मी तेव्हा ऑफिसात नुकताच लागलो होतो. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात एक कलम नव्याने आले होते. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल किंवा काम घेतले आणि त्याचे पैसे 2006 च्या कायद्यात ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास फार तर 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत, दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष देाल त्याच वर्षी धरला जाणार. त्या वर्षीचा शेवटचा दिवस होता 31 मार्च. सरांनी मला यादी दिली आणि सगळ्यांना फोन करायला बसवले : मुदत उलटलेली लघुउद्योगांची बिले 31 च्या आत भागवा, नाहीतर तेवढ्या रकमेवर या वर्षी कर पडेल. मी मोठ्या ऐटीत फोन करीत होतो. अठरा वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या कारखानदारांना कायदा सांगतो आहे! तेवढ्यात उद्यमबागेतील एका फाउंड्रीच्या मालकांनी मला मध्येच तोडले. म्हणाले, "द्यायचं ते कळलं रे बाळा. खरं पैसे कुठनं आणू, ते पण सांग की. माझे अडकलेत पुण्यात, नव्वद दिवस झाले."

मी सरांकडे पाहिले. सर हसले आणि पुढचा नंबर लावायची खूण केली. त्यांचेही चुकले नाही. यादीत अजून तीस नावे होती, आणि पैसे कुठून आणायचे हे सांगणे आमचे काम नव्हते. त्या गृहस्थांनी पैसे दिले की नाही, कुठून आणले, कुणाचे थांबवून कुणाला दिले, हे आम्हाला थेट सप्टेंबरात, ऑडिटसाठी वह्या आल्या तेव्हा कळले. तेही दोन ओळींत. 29 मार्चला ओव्हरड्राफ्ट वाढलेला आणि त्याच दिवशी सहा लेथवाल्यांना चेक. त्या मधल्या सहा महिन्यांत त्या माणसाने काय केले असेल, हे मला पाहायचे होते. आमच्या ऑफिसातून ते दिसत नव्हते. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट होऊन गेल्यावर येते.

दुसरी मुलाखत उद्यमबागेत, एका निराळ्या फाउंड्रीत झाली. मालक मराठी, वर्क्स मॅनेजर कन्नड, वयस्कर. मालकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग मॅनेजरनी चष्मा वर करून विचारले, "याक बिडाकत्ती, तम्मा?" का सोडतोस बाळा? आता पाहा गंमत. माझे पाठ केलेले उत्तर इंग्रजीत होते. कन्नडमध्ये मी ते कधी घोकले नव्हते, आणि 'ग्रोथ'ला मला गल्लीतल्या कन्नडमध्ये शब्दही येत नाही. त्यामुळे जे खरे होते तेवढेच बोलता आले. मी तो मार्चमधला फोन सांगितला; कुणाचा ते न सांगता. मग दुसरे एक सांगितले. ऑडिटच्या 3सीडी फॉर्ममध्ये कारखान्यांसाठी एक तक्ता असतो. कच्चा माल किती लागला, पक्का किती निघाला, शेकडा उतारा किती, घट किती. 2025 च्या हंगामात मी दोन फाउंड्र्यांचे हे तक्ते भरले. घटीच्या रकान्यात आकडा लिहिला. परंतु लोखंड घटते म्हणजे कुठे जाते, हे मला ठाऊक नव्हते. मी फाउंड्री आतून पाहिलेलीच नव्हती.

मॅनेजर उठले आणि मला शेडमध्ये घेऊन गेले. भट्टीच्या तोंडावरून काढलेली मळी दाखवली : "घट अंदरे इदु." घट म्हणजे ही. मग कोपऱ्यातला एक ढीग दाखवला. भोके पडलेली, अर्धवट भरलेली, नाकारलेली कास्टिंग्ज. म्हणाले, हे तुमच्या फॉर्ममध्ये कुठे दिसते, सांग. मी विचार केला आणि मला धक्काच बसला. कुठेच दिसत नाही! कारण हा ढीग पुन्हा भट्टीत जातो. वजन कारखान्याबाहेर जात नाही, म्हणून घटीत येत नाही. विक्रीत येत नाही, म्हणून मालातही धरला जात नाही. वाया गेली ती त्याच्यावर जळलेली वीज, वाळू, बाइंडर आणि दोन पाळ्यांची मजुरी. ती वर्षाच्या शेवटी विजेच्या बिलात आणि कमी पडलेल्या नफ्यात मुकाट्याने बसलेली असते. आम्ही ऑफिसात म्हणायचो, यंदा विजेचा खर्च वाढलेला दिसतो, दर वाढले असतील. दर नव्हे, ढीग वाढला असेल! दोन वर्षांत जे कळले नाही ते त्या पाच मिनिटांत कळले, आणि तिथे नोकरी मिळो न मिळो, मला हे काम हवे होते याची खात्री पटली.

परत केबिनमध्ये आल्यावर मालकांनी एक वेगळाच प्रश्न टाकला. शेजारच्या एका फाउंड्रीचे नाव घेऊन म्हणाले, "त्यांचं खातं तुमच्याच ऑफिसात आहे ना? टनामागं वीज किती पडते त्यांना?" आकडा मला तोंडपाठ होता. तो सांगितला असता, तर मी किती हुशार हे दिसले असते. मी म्हटले, "साहेब, ते मला सांगता येणार नाही." सी.ए.ला तर 1949 च्या कायद्याप्रमाणे अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर सांगणे हे गैरवर्तन ठरते. मी काही सी.ए. नव्हे. पण ऑफिसात पहिल्या दिवशी सरांनी कपाटाकडे बोट दाखवून एवढेच सांगितले होते, की यातले काही उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. मालक थोडा वेळ गप्प बसले. ते मला पारखीत होते की खरेच आकडा हवा होता, हे मला अजून समजलेले नाही. दुसरी शक्यता मी नाकारीत नाही. मुलाखत घेणारेही काही देवमाणसे नसतात. परंतु सल्लागाराकडून उद्योगात जाणाऱ्याच्या पोतडीत इतरांची गुपिते असतात, आणि ती उघडून दाखविण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

यावर माझा एक वर्गमित्र म्हणतो, एवढे रामायण कशाला? पगार जास्त मिळतो म्हणून जातो, असे सांगून मोकळे व्हावे. त्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. मला ऑफिसात आठ हजार मिळत होते, फाउंड्रीने सोळा सांगितले, आणि परीक्षेनंतर पूर्ण वेळ. आमच्या घरात या फरकाला अर्थ आहे आणि तो मी मालकांपासून लपविला नाही. लपवून उपयोगही नसतो. आठाचे सोळा होतात हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असते. पण नुसता पगार हे उत्तर असेल, तर अठरा देणारा भेटताच तुम्ही उठणार, हे गणित समोरच्यालाही येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ऑफिसात चाळीस धंदे दिसतात, कारखान्यात एकच. तेथे पाच वर्षे एकच खतावणी लिहिणाऱ्याचे ज्ञान आटते. आमच्या सरांचेही मत असेच आहे. मला त्याचे पुरते उत्तर सुचलेले नाही. पुढे सी.ए. करायचे ठरले, तर इंटरनंतर आर्टिकलशिपसाठी मला पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसातच यावे लागेल; 2023 च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहे. तेव्हा कुणी 'कारखाना का सोडता?' असे विचारले, तर पुन्हा आजच्यासारखाच शोध घ्यावा लागेल.

फाउंड्रीचा होकार आला त्या संध्याकाळी मी सरांना सांगितले. मॅनेजरांना सांगितले होते तेच सांगितले : तो मार्चचा फोन, घटीचा रकाना, नाकारलेल्या कास्टिंगचा ढीग. पगाराचाही आकडा सांगितला. ढिगाची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग गेल्या वर्षीच्या एका फाउंड्रीची फाइल मागवली आणि विजेची बिले उलटत बराच वेळ बसले. मी उभाच होतो. शेवटी वर न बघता म्हणाले, "20 तारखेपर्यंत थांब. रिटर्न भरून जा. आणि तुझ्या जागी येणाऱ्या पोराला, आधी एकदा फाउंड्री दाखवून आण."